मंगळशिखर

मंगळवारी महत्त्वाचं काम काढू नये हे आता शास्त्रानं सिद्ध झालं होतं, आणि ते सिद्ध करणाऱ्या बाईंचं नाव होतं डॉ. वृषाली खानविलकर. सह्यगिरी विद्यापीठात त्या जीवरसायन शिकवत. माणसाच्या अंगातला ताण दर मंगळवारी शिगेला पोचतो, असा त्यांचा शोध होता. त्याला नाव पडलं ‘मंगळशिखर’. तीन वर्षांत त्याचा एवढा बोलबाला झाला की विद्यापीठांनी मंगळवारी परीक्षा ठेवणं सोडलं आणि बड्या कंपन्यांनी मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी द्यायला सुरुवात केली. शुभकार्याला मंगळवार टाळणारी मंडळी होतीच, त्यांना आता विज्ञानाचा शिक्का मिळाला. घरोघरच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्ही वेगळं काय सांगत होतो?

अशा या बाई स्वतःच करपल्या.

द्राक्षाच्या पानावर करपा पडतो, तोच शब्द विद्यापीठातल्या लोकांनी या दुखण्याला लावला होता. पान झाडावरच असतं, पण कामाचं राहत नाही. वृषालीबाई एका सकाळी एम.एस्सी.च्या वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हातात पेन कशासाठी घेतलंय तेच त्यांना आठवेना. पाच मिनिटं वर्ग त्यांच्याकडं बघत राहिला आणि त्या फळ्याकडं. मग त्या पर्स उचलून घरी गेल्या आणि दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत.

नव्या नियमानं करपलेल्या प्राध्यापकाला दोन सत्रांची रजा मिळे. अट एकच. पन्हाळ्याच्या अलीकडं असलेल्या विश्रांती केंद्रात राहून केसवाचन करून घ्यायचं आणि तिथं सांगतील तसं आत्मपरीक्षण करायचं. वृषालीबाईंनी अट वाचली आणि कित्येक दिवसांनी त्या हसल्या. केसवाचनाचं यंत्र त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलं होतं. आचाऱ्यानं आजारी पडावं आणि त्याला त्याचीच खिचडी वाढावी, तशी गत.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना रक्तात जे असेल त्याचा अंश मुळाशी त्यात अडकतो. ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, तेही केसात उतरतं. पूर्वी सेंटिमीटरभर तुकडा दळून महिन्याची सरासरी काढत. बाईंच्या प्रयोगशाळेनं लेझरनं केसाच्या इतक्या पातळ चकत्या पाडल्या की एक चकती म्हणजे एक दिवस. टोकाकडं जुने दिवस, मुळाकडं ताजे. तेल, ऊन आणि धुण्यानं झालेली झीज हिशेबातून वजा करायची युक्तीही तिथलीच. ती एका विद्यार्थिनीनं शोधली होती, पण लोक तिला खानविलकर पद्धत म्हणत.

बाईंची वेणी कमरेपर्यंत होती. केंद्रातल्या बाईनं मानेजवळून काडीएवढी बट कापली तेव्हा त्यांना उगाच चोरी झाल्यासारखं वाटलं. त्या बटेत साडेपाच वर्षं होती.

आठवड्यानं आलेख आला. तो घेऊन फरीदा मुजावर त्यांच्या खोलीत आल्या. फरीदाताई केंद्रातल्या समुपदेशक. त्याआधी वीस वर्षं त्यांनी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं होतं आणि स्वतः दोनदा करपल्या होत्या, त्यामुळं त्यांच्यापुढं कुणाची मिजास चालत नसे.

“आता एकेक तारीख घ्यायची,” त्या म्हणाल्या. “जुनी कॅलेंडरं, मेल, काय असेल ते काढा आणि त्या दिवशी काय झालं ते लिहा.”

वृषालीबाईंनी चार दिवसांत चाळीस पानं लिहिली. मूल्यांकन समिती आली तो आठवडा. कुलगुरूंशी झालेली खडाजंगी. बाहेरच्या दोन प्रयोगशाळांना मंगळशिखर सापडलं नाही आणि त्यांनी तसं छापलं तो महिना. त्यांना उत्तरं देता देताच आपण करपलो, अशी बाईंची खात्री होती. पानापानावर कुणी ना कुणी त्यांना छळत होतं. लिहून झाल्यावर त्यांना खूप बरं वाटलं.

फरीदाताईंनी सगळं वाचलं आणि वही परत केली.

“डोंगर सगळेच दाखवतात, मॅडम. मला दऱ्या दाखवा.”

“म्हणजे?”

“ताण अचानक उतरलाय, असेही दिवस आहेत की यात. किती तरी आहेत. त्या दिवशी तुम्हाला कशानं बरं वाटलं? तेच कळलं तर औषध सापडेल. बाकी काय, दुनिया वाईट आहे हे मला ठाऊक आहे.”

वृषालीबाई दऱ्या मोजायला बसल्या. कुठं सुट्टी असेल, कुठं सहल असेल, असं त्यांना वाटत होतं. पण दऱ्या विचित्र होत्या. पहिल्या तारखेपासून दुसरी सात दिवसांवर. तिसरी पुन्हा सात दिवसांवर. मधे दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की दऱ्या गायब, सत्र सुरू झालं की पुन्हा हजर. त्यांनी वार बघितला. मंगळवार.

सगळ्या महाराष्ट्राचा ताण ज्या दिवशी चढतो म्हणून त्या सांगत होत्या, त्याच दिवशी त्यांचा स्वतःचा उतरत होता.

मंगळवारी काय असायचं, हे आठवायला कॅलेंडर लागलं नाही. साडेअकराला संशोधक विद्यार्थ्यांची बैठक. अकरा विद्यार्थी एकेक करून केबिनबाहेर जमत, मग सगळे आत येऊन टेबलाभोवती उभे राहत आणि आठवड्याचं काम सांगत. केबिनबाहेर पूर्वी एक बाक होता. बसले की पोरं गप्पा मारतात, म्हणून बाईंनीच तो हलवायला लावला होता.

सगळ्यात खोल दरी चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली होती, दुसरा मंगळवार. बाईंच्या आठवणीत तो दिवस चांगला होता. दुपारी कॅन्टीनमध्ये त्या मनापासून जेवल्या होत्या, संध्याकाळी बहिणीला फोन करून हसत बोलल्या होत्या. पण चांगला का होता ते आठवेना, म्हणून त्यांनी त्या दिवसाची मेल उघडली. दुपारी साडेबाराची एक होती, बैठकीतल्याच एका विद्यार्थिनीला घाईनं पाठवलेली. ‘तुझं म्हणणं लेखी नको. विषय संपला.’ पाठवली होती ओवी चौगुलेला.

आणि मग सगळंच आठवलं.

ओवी आजऱ्याकडची. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. झीज वजा करायची ती युक्ती ओवीची. त्या मंगळवारी ती टेबलापाशी उभी राहून म्हणाली होती, “मॅडम, अकराही नमुन्यांत शिखर मंगळवारीच येतंय. पण नमुने सगळे आपलेच आहेत, आणि मंगळवारी आपली मीटिंग असते. दुसऱ्या विभागातले केस घेऊन बघूया का?”

बाईंना आधीच्या रात्री झोप नव्हती. शोधनिबंध छापायला पाठवायचा होता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “मीटिंगची एवढी भीती वाटते तर संशोधनात कशाला आलीस? जा गावाकडं, आईशेजारी बसून काजू फोड.”

दहा जण हसले होते. बाई हसल्या म्हणून हसले होते. ओवी मान खाली घालून उभी राहिली, आणि वृषालीबाईंच्या अंगातून महिनाभराचा ताण पाणी ओसरावं तसा ओसरला. केसात तसं स्पष्ट उतरलं होतं.

त्यांना फार लाज वाटली. इतकी, की खोलीत एकट्या असूनही त्यांनी तोंडावर पदर घेतला.

शास्त्रज्ञाची खोड मेल्यावरच जायची. लाजेतच त्यांनी लॅपटॉप उघडला, कुलूपबंद ठेवलेले मूळ आकडे काढले आणि ते अकरा आलेख आपल्या आलेखावर ठेवले. निबंधात त्यांचं वर्णन होतं, ‘अकरा निरोगी प्रौढ’. ते होते बाईंच्या हाताखालचे अकरा विद्यार्थी. नमुने गोळा करायला बाहेर कशाला हिंडायचं, घरचीच मुलं आहेत, असा सगळ्या विभागाचा रिवाज होता. गाईडनं केस मागितले तर नाही कोण म्हणणार?

अकराही जणांचा ताण सोमवार दुपारपासून चढत होता, मंगळवारी टोकाला जात होता. त्याच मंगळवारी बाईंचा खाली येत होता. दिवाळीत शिखरं नव्हती. बाई पंधरा दिवस परिषदेला परदेशी गेल्या तेव्हाही नव्हती. सुट्टीतल्या त्या सपाट जागांना निबंधात ‘ऋतुमानाचा परिणाम’ म्हटलं होतं.

यात मंगळाचा काही संबंध नव्हता. बैठक बुधवारी असती तर महाराष्ट्र बुधवारी सुट्टी घेत बसला असता. शोध गाजल्यावर मात्र इतर लोकांच्याही केसात मंगळवारी थोडी उंची दिसू लागली होती. माणसाला एखाद्या दिवसाची भीती घातली की ती केसात उतरायचीच. ती उंची दाखवून बाईंनी विरोधकांची तोंडं बंद केली होती.

“औषध सापडलं,” दुसऱ्या दिवशी त्या फरीदाताईंना म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. “दर आठवड्याला अकरा जणांना रडवायचं. मी साडेपाच वर्षं घेत होते.”

फरीदाताईंनी आलेखाची घडी घालून तो त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, “हे कागद नियमानं तुमचे. मी कुणाला दाखवू शकत नाही. दाखवणारही नाही.”

“ते मला ठाऊक आहे. तीच तर अडचण आहे.”

त्याच आठवड्यात कुलगुरूंचा फोन आला. “मॅडम, ठणठणीत होऊन या. मंगळशिखर अभ्यास केंद्राची इमारत पूर्ण होत आलीय. उद्घाटन तुमच्याच हस्ते. मंगळवार सोडून कुठलाही वार कळवा,” असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर हसले. बाईही हसल्या. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, की गप्प बसायचं ठरवलं तर ते फार सोपं आहे. आत्ता हसल्या तसं फक्त पुढंही हसत राहायचं. कुणाला काही कळणार नव्हतं, आणि ओवीचं नाव तर विभागातही कुणी काढत नव्हतं.

त्या ऑगस्टनंतर ओवीचे दोन सहामाही अहवाल बाईंच्या टेबलावर आले होते. दोन्ही त्यांनी न उघडता त्यावर ‘असमाधानकारक’ असा शेरा मारून सही केली होती. लागोपाठ दोन असे शेरे पडले की नोंदणी रद्द होते. ओवी घरी गेली. ती गेली त्याच वर्षी निबंध छापून आला आणि त्यावर तिचं नाव चौथं होतं. नाव ठेवलं म्हणजे आपण केवढं औदार्य दाखवलं, असं तेव्हा बाईंना वाटलं होतं.

बाईंनी निबंध मागं घ्यायचं पत्र लिहायला घेतलं. तीन दिवस लागले. ‘नमुन्यांच्या निवडीत काही मर्यादा राहून गेल्या असून त्यामुळं निष्कर्षांच्या व्याप्तीवर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे.’ लिहून झालं तेव्हा त्यांना हलकं वाटलं. एवढं कबूल करणारे किती प्राध्यापक असतील, असंही मनात येऊन गेलं. पत्रावर सगळ्या लेखकांच्या सह्या लागत होत्या. बाकीचे सही देणार होतेच, ते अजून नोकऱ्यांसाठी बाईंच्या शिफारशीवर अवलंबून होते. ओवीची सही मागायला मात्र त्या स्वतः निघाल्या.

ओवी आजऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होती. शिक्षकांच्या खोलीत ती वह्या तपासत बसली होती. बाईंना बघून ती उठून उभी राहिली आणि तिचा हात आपोआप ओढणीकडं गेला. चार वर्षांनीसुद्धा. बाईंनी तो बघितला आणि नजर वळवली. ओवीचे केस मानेपर्यंत कापलेले होते.

“केस कापलेस?” काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या.

“व्हय. लांब ठेवत नाही आता. कुणी वाचायला नको.” ओवीनं खुर्ची पुढं केली. “बसा की मॅडम. चहा सांगू?”

“नको. मी... मी माफी मागायला आलेय. आणि हे दाखवायला.”

ओवीनं पत्र घेतलं. वाचताना तिच्या हातात वह्या तपासायचं लाल पेन तसंच होतं. एकदा वाचून झाल्यावर तिनं पुन्हा वाचलं.

“मर्यादा राहून गेल्या,” ती म्हणाली. “कुठं राहून गेल्या, मॅडम? मी सांगितलं होतं की.”

“हो. सांगितलं होतंस.”

“मग तसं कुठं आहे यात?” ओवीनं कागद त्यांच्याकडं फिरवला. “नमुने आहेत, निवड आहे, व्याप्ती आहे. तुम्ही कुठं आहात? आम्ही अकरा जण कुठं आहोत? सोमवारी रात्री दीपकला उलट्या व्हायच्या. तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही.”

“सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही त्याच्यासाठी आलेपाक आणून ठेवायचो.” ओवीनं कागद टेबलावर ठेवला. “घरी आले तेव्हा आईनं विचारलं, एवढं शिकून परत का आलीस गं? मी सांगितलं, विषय लई अवघड होता. ती अजून शेजारणीला तसंच सांगती.”

वृषालीबाईंनी मनाशी ठरवून आणलेली वाक्यं होती, पण त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

“मला माफ कर, ओवी.”

“माफीचं नंतर बघू. आधी हे नीट होऊ दे.”

ओवीनं लाल पेननं ते वाक्य खोडलं. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात, गाईड जिथं शेरा मारतो तिथं, तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘असमाधानकारक. पुन्हा लिहावे.’ खाली सही केली, तारीख घातली. तिच्या तोंडावर राग नव्हता. सातवीच्या पोराची वही तपासावी तसं तिनं ते केलं, आणि बाईंना तेच जास्त झोंबलं.

“मी पूर्ण वाचून शेरा मारलाय,” ती म्हणाली.

“पुन्हा कधी आणू?”

“पुढच्या मंगळवारी या. साडेअकराला.”

तो आठवडा वृषालीबाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पत्र त्यांनी नऊ वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी कुठलं तरी वाक्य त्यांना पाठीशी घालायला पुढं यायचं. आपण दमलो होतो, हे खरं होतं. वरून दबाव होता, तेही खरं होतं. फरीदाताईंनी एकदा डोकावून वाचलं आणि म्हणाल्या, “करपा खरा आहे, मॅडम. तो लिहा, पण वेगळ्या कागदावर. इथं नको.” सोमवारी दुपारी बाईंनी जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. केसाच्या मुळाशी या क्षणी काय उतरतंय ते जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी शेवटचा मसुदा झाला. ‘अकराही जणांचा ताण मंगळवारी वाढत होता, कारण मंगळवारी त्यांना माझ्यासमोर उभं राहावं लागे. हे ओवी चौगुले यांनी मला वेळीच सांगितलं होतं. मी त्यांचा सर्वांसमक्ष अपमान केला आणि त्यांचे दोन अहवाल न वाचता शेरे मारून त्यांची नोंदणी रद्द करवली. मंगळशिखर नावाची कोणतीही गोष्ट निसर्गात नाही. हा निबंध मी मागं घेत आहे.’ सोबत स्वतःचा आलेख जोडला. कुलगुरूंना वेगळं पत्र लिहिलं, अभ्यास केंद्राला दुसरं काही नाव शोधा म्हणून, आणि ओवीची नोंदणी पुन्हा सुरू करावी, तिला तिच्या पसंतीचा दुसरा गाईड द्यावा, म्हणून.

मंगळवारी त्या अकरा वाजून वीस मिनिटांनीच शाळेत पोचल्या. शिक्षकांच्या खोलीला कुलूप होतं. पलीकडच्या वर्गातून ओवीचा आवाज येत होता, ती मुलांना हृदयाचे कप्पे शिकवत होती. बाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तळव्यांना घाम आला होता आणि फाइलच्या पुठ्ठ्यावर बोटांचे डाग पडत होते. त्यांनी फाइल या हातातून त्या हातात घेतली. पाय दुखायला लागले. वेळ बघितली तर चारच मिनिटं झाली होती. विद्यापीठात पोरांना कधी कधी तास-तासभर थांबावं लागायचं, कारण बाई आत मेल वाचत असायच्या.

दारातून ओवीनं त्यांना बघितलं. मुलांना चित्र काढायला सांगून ती बाहेर आली. येताना वर्गातली आपली खुर्ची उचलून घेऊन आली आणि भिंतीशी ठेवली.

“उभ्या का, मॅडम? बसा. माझा तास संपायला अजून वेळ आहे.”

एवढं बोलून ती आत गेली आणि फळ्यापाशी उभी राहून शिकवू लागली. वृषालीबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना बसवेना. घंटा होईपर्यंत त्या खुर्चीशेजारी तशाच उभ्या राहिल्या.